दाराच्या तळाशी टकटक

झुंबर पुंजा गभाले यांनी एकतीस वर्षं इगतपुरी स्टेशनात चाकं ऐकली. खरोखरच तेच त्यांचं काम होतं. घाट उतरण्याआधी गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. धड चाक घंटेसारखं खणखणतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. या दोन्हींच्या मधले कितीतरी आवाज असतात आणि ते कुणी शिकवत नाही. झुंबरभाऊ ते धो धो पावसात, डोक्यावर रेनकोटची टोपी ओढून शिकले.

एकदा लग्नसराईच्या दिवसांत, खच्चून भरलेल्या गाडीच्या सातव्या डब्याचं एक चाक त्यांना खटकलं. बॅटरी मारून पाहिलं तर काही दिसेना.

"नक्की ना, गभाले?" साहेबांनी विचारलं.

"नक्की नाय सांगता येत, साहेब. पण मला हे चाक सोडवंना."

डबा काढला. दोन दिवसांनी वर्कशॉपमधून निरोप आला की आतल्या बाजूला केसाएवढी चीर निघाली. त्यांना प्रमाणपत्र मिळालं, ते त्यांनी ट्रंकेत ठेवलं. लक्षात राहिला तो मात्र डबा काढेपर्यंतचा पाऊण तास, जेव्हा सगळे प्रवासी खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होते.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांची बायको भागीबाई गेली. लेक रोशनी नाशिकला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. ती त्यांना इंदिरानगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. तिथे झुंबरभाऊंचा दिवस जाता जाईना. ओळख कुणाशी नाही, बोलणं कमी. हाताला सवय होती ती सुटेना. बाजारात नारळ वाजवून बघत, ते ठीक होतं. पण शेजाऱ्यांच्या घरी चहाला गेले की बसल्या बसल्या फरशीवर बोट आपटत आणि म्हणत, "ही एक खालून सुटलीय बरं का." रोशनीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरून टकटक सुरू झाली.

पहिल्या दिवशी दुपारी दोन ते पाच. टक, टक, टक. थोडी शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. झुंबरभाऊंना आधी वाटलं, सुतारकाम असेल. पण सुतार ठोकतो तेव्हा प्रत्येक ठोका आधीच्याहून वेगळा पडतो, कारण खिळा आत जात असतो. इथे काहीच पुढे सरकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पायात चप्पल घातली आणि जिना चढले.

दार सई गायधनीने उघडलं. तिशीची पोरगी, मूळची त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या घरातली, आधी रेडिओवर निवेदन करायची. आता ती आणि तिचा मित्र गौरांग कानांनी ऐकायची नाटकं बनवत आणि इंटरनेटवर सोडत. आतल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया टांगल्या होत्या. गौरांग डोक्याला हेडफोन लावून बसला होता, समोर एक लाकडी कपाट, त्याच्या दाराला माइक टेकवलेला.

"काका, सॉरी हं, त्रास होतोय का?" सई म्हणाली.

"त्रास नाय. काय चाललंय ते बघाया आलो. ह्या कपाटात काय ठेवलंय?"

"काहीच नाही."

"ते कळतंय. रिकामं वाजतंय. तुम्हाला काय वाजवायचं हाय?"

सईने सांगितलं. गोष्ट जुनी होती, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, विलायतेतली भयकथा. डोंगरावरचं एकाकी घर, त्यात एकटा राहणारा म्हातारा धनी, त्याची तरुणपणीच गेलेली बायको, तिची कुलूप लावलेली खोली. आणि दिवेलागणीला त्या खोलीतून येणारी टकटक. सईने ती गोष्ट आजच्या काळात आणून इगतपुरीच्या घाटमाथ्यावर बसवली होती. बंगल्याचं रिसॉर्ट करायचं म्हणून एक मुलगी मोजमापं घ्यायला येते आणि नव्वदीतले रावसाहेब तिला सगळ्या खोल्या दाखवतात, एक सोडून. मुलगी सई स्वतः करणार होती. रावसाहेबांचा आवाज वेणीमाधव शुक्ल यांचा, निवृत्त शाळामास्तर, उभी हयात हौशी नाटकांत गेलेली.

झुंबरभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत कोण हाय?"

"म्हणजे?"

"दार कोण वाजवतंय?"

"मेलेली बायको. म्हणजे तसं वाटतं. मूळ गोष्टीत स्पष्ट सांगितलेलं नाही."

"मग कसं वाजवणार? राग आलेला माणूस वेगळं वाजवतो, घाबरलेला वेगळं. बायको हाय तर तिला बाहेर यायचंय, का त्याला आत बोलवायचंय?" थोडं थांबून ते म्हणाले, "आणि ह्या रावसाहेबानं खोली साठ वर्षं कुलूप लावून का ठेवली? माझी मंडळी गेली तर तेराव्याच्या आत तिची लुगडी मी वाटून टाकली. माझ्यानं बघवत नव्हती. हा माणूस असा का वागला, ह्याचा तुम्ही विचार केला असंल ना?"

सईने गौरांगकडे पाहिलं. दोघांनीही केला नव्हता.

त्या दिवसापासून झुंबरभाऊ रोज दुपारी वर जाऊ लागले. रोशनीला सुरुवातीला वाटलं, बाबा त्या मुलांना त्रास देत असतील. तिने सईला विचारलं, तर सई म्हणाली, "अगं, ते नसले तर आम्हाला आता काही ऐकूच येत नाही." त्यांनी आणखी सात दारं वाजवून पाहिली. रोशनीच्या लॅबचं, सोसायटीच्या मीटरच्या खोलीचं, भंगारवाल्याकडचं एक सागवानी. झुंबरभाऊ प्रत्येक वेळी मान हलवायचे. काय चुकतंय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बंगला इगतपुरीचा म्हणता ना? मग तिथंच जाऊ. स्टेशनापासून दीड कोसावर एक हाय. बाहेरून बघितलाय मी, आत कधी गेलो नाय."

बंगल्याचे मालक मुंबईला होते. त्यांनी फोनवर परवानगी दिली आणि देखभाल करणाऱ्या ठमाबाईंना कळवलं. डिसेंबरच्या एका सकाळी झुंबरभाऊ, सई आणि गौरांग तिथे पोचले. ठमाबाई साठीच्या, काटक, पलीकडच्या पाड्यावर राहणाऱ्या. लुगड्याच्या ओच्याला किल्ल्यांचा जुडगा खोचलेला.

"भुताचं नाटक करताय म्हणं," त्या म्हणाल्या. "हितं भूत नाय. वटवाघळं लय हायत."

बंगला बैठा, जाड भिंतींचा. गौरांगने मोठ्या निजायच्या खोलीत माइक मांडले. सई सामान लावत होती तोवर झुंबरभाऊ भिंतींना बोटाच्या पेराने ठोके देत खोलीभर फिरले. निजायच्या खोलीला लागून न्हाणीघर होतं. तिथे मागच्या भिंतीशी ते थबकले. कमरेएवढ्या उंचीवर वाजवलं, वर वाजवलं, बाजूला वाजवलं. मग मधोमध पुन्हा.

"ताई, हितं या. कान लावा."

सईने गार भिंतीला कान टेकला. बाजूचा ठोका टणक येत होता, मधला भरडा, लांबून आल्यासारखा.

"हे दार होतं," झुंबरभाऊ म्हणाले. "नंतर बुजवलंय. आणि पलीकडं उघडं आवार नाय. पोकळी हाय."

तिघेही बंगल्याला वळसा घालून मागे गेले. घाणेरीची झुडपं बाजूला सारली तर भिंतीशी दगडाच्या तीन पायऱ्या निघाल्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या. तिसरी पायरी संपते तिथे सरळ भिंत. दार नाही, खिडकी नाही. विटांची एक कमान तेवढी गिलाव्यातून पुसट दिसत होती.

सईच्या अंगावर काटा आला. तिने नंतर सांगितलं की आपण लिहिलेल्या नाटकाच्या एकाही पानावर तिला असं झालं नव्हतं.

"ह्यात कोण हाय का?" झुंबरभाऊंनी ठमाबाईंना विचारलं. त्यांचाही आवाज जरा उतरला होता.

ठमाबाई खो खो हसल्या. "कोण असंल? उंदीर! अहो दादा, ही पाण्याची वाट. माझी सासू चांगुणा पोर असताना हितं पाण्याला व्हती. सायबाचं न्हाणीचं पाणी मागं चुलीवर तापायचं. ते घेऊन पुढच्या दारानं जायचं नाय, पाहुण्यांच्या नदरंस पडायचं नाय. म्हणून ही वाट. दोन भितींच्या मधी, आंधारी, एका माणसापुरती. पुढं नळ आला, मग दोन्हीकडून बुजवली."

"मग आत पाणी घेऊन जाताना दार वाजवायचं?" सईने विचारलं.

"वाजवायचं आणि हुबं राहायचं. आतून 'ये' म्हणलं तरच आत. नायतर तशीच हुबी. पाणी निवलं तर परत मागं जाऊन तापवायचं. सासू सांगायची, पाय गारठून जायचे."

झुंबरभाऊ त्या पायऱ्यांकडे पाहत होते. एकदम त्यांनी मान वर केली.

"घागर कशी धरायची?"

"दोन्ही हातांनी. चटके बसायचे म्हणून खाली फडकं."

"दोन्ही हात गुंतलेले. मग दार वाजवायचं कशानं?"

ठमाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हे काय विचारायचं. मग उजव्या पायाचा अंगठा उचलून त्यांनी भिंतीच्या तळाशी तीनदा आपटला. टक. टक. टक.

"खालून," झुंबरभाऊ म्हणाले. "ताई, आपण सगळीकडं छातीच्या उंचीवर वाजवत होतो."

परतीच्या वाटेवर गाडीत सई वहीत लिहीत होती. नाशिकला पोचेपर्यंत सईच्या डोक्यात नवा शेवट तयार झाला होता. आत बायको नव्हतीच. बायको आजारपणात गेली, त्याच दिवशी शोकाने वेड्यापिशा झालेल्या तरुण रावसाहेबांनी खोलीला कुलूप घातलं आणि मागची वाट बुजवून घेतली. न्हाणीचं पाणी घेऊन एक पोर त्या वाटेत उभी आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. साठ वर्षं टकटक ऐकून ते बायकोची क्षमा मागत राहिले. वाजवणारी मात्र दुसरीच होती आणि तिला फक्त आत यायची परवानगी हवी होती.

वेणीमाधवांना हे अजिबात पटलं नाही. रजया टांगलेल्या खोलीत त्यांनी चष्मा काढून संहिता मांडीवर ठेवली.

"सई, ही गोष्ट लोकांनी वाचलेली आहे. मूळ कथेत ती त्याची बायको, असंच सगळे धरून चालतात. तू सगळं प्रेमप्रकरण काढून टाकतेस आणि त्या जागी एक मोलकरीण आणून ठेवतेस. रावसाहेबांच्या दुःखाचं काय?"

"दुःख आहेच काका. उलट जास्त आहे."

"मला नाही दिसत."

झुंबरभाऊ कोपऱ्यात वेताच्या मोढ्यावर बसले होते. ते सहसा मध्ये बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"मास्तर, एक विचारू? त्या मूळ गोष्टीत रावसाहेब आंघोळ करतो का?"

वेणीमाधव चक्रावले. "करतो की. एका प्रसंगात न्हाणीघराचा उल्लेख आहे."

"पाणी कोण आणतं?"

"ते लिहिलेलं नाही."

"पण कुणीतरी आणत असंलच ना?"

वेणीमाधवांनी संहिता पिशवीत घातली. ते उठून घरी गेले. दोन दिवस त्यांचा फोन आला नाही आणि गौरांग म्हणू लागला की दुसरा रावसाहेब शोधावा लागेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले, नवी संहिता पाठ करूनच. म्हणाले, "आमच्या घरी लहानपणी पाणी भरायला एक बाई यायची. दोन रात्री आठवतोय, मला तिचं नाव आठवत नाहीये." आणि थेट माइकसमोर जाऊन बसले.

टकटक बंगल्यातच ध्वनिमुद्रित करायची ठरली. झुंबरभाऊंनी स्वतः पायाने वाजवून पाहिलं, पण त्यांचा पाय जड, आयुष्यभर खडीवर चाललेला. पोरीचा वाटेना. तेव्हा ठमाबाई पुढे आल्या. "सरका दादा. सासूनं मला शंभरदा करून दाखवलंय." त्यांनी चपला काढल्या, पाण्याने भरलेली तांब्याची घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि निजायच्या खोलीच्या सागवानी दारापाशी, बाहेरच्या अंगाला उभ्या राहिल्या.

अडचण एकच होती, गाड्यांची. दर थोड्या वेळाने खालून भोंगा किंवा रुळांची घरघर येई. झुंबरभाऊ व्हरांड्यात उभे राहिले आणि घाटाकडे कान देऊन म्हणाले, "मालगाडी चढतीय, मागं इंजिन लावलेलं हाय. ती गेली की नऊ-दहा मिनिटं मोकळी." मालगाडी गेली. त्यांनी हात वर केला.

टक. टक. टक. मग शांतता. घागरीतलं पाणी किंचित हिंदकळलं, कारण ठमाबाईंनी भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. पुन्हा टक, टक, टक. आधीपेक्षा हळू. धसमुसळेपणा नाही, घाई नाही. खोलीच्या आत हेडफोन लावून बसलेल्या गौरांगने हळूच पाय खुर्चीवर ओढून घेतले आणि आपण असं केलं हे त्याला थोड्या वेळाने समजलं.

नाटक फेब्रुवारीत पूर्ण झालं, सहा भागांचं. इंटरनेटवर सोडण्याआधी सईने एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये शेवटचा भाग सगळ्यांना ऐकवला. पडदे ओढले, दोन स्पीकर लावले. चाळीसेक माणसं आली. रोशनीने लॅबमधल्या मैत्रिणी आणल्या. वेणीमाधव कडक इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या रांगेत. सईने ठमाबाईंना खास गाडी पाठवून बोलावलं होतं.

झुंबरभाऊ ऐकत नव्हते, त्यांना सगळं पाठ होतं. ते मागे भिंतीशी उभे राहून माणसांकडे बघत होते. लोक कुठे घाबरतात आणि घाबरले की काय करतात, हे त्यांना महिनोन्‌महिने जाणून घ्यायचं होतं. रावसाहेब कुलुपापाशी बसून बायकोचं नाव घेतात, तेव्हा दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मग ती मोजमापं घेणारी मुलगी म्हणते, "आजोबा, आवाज वरून येत नाहीये. खालून येतोय. तिचे हात मोकळे नाहीत." पाणी हिंदकळतं. हॉलमध्ये एक चमत्कारिक सळसळ झाली. झुंबरभाऊंनी वाकून पाहिलं. रांगेमागून रांग, माणसांनी पाय जमिनीवरून उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते. सोसायटीचे चेअरमनसुद्धा.

टाळ्या पडल्या. रोशनी बाबांपाशी आली. "तुम्ही स्टेशनात हेच करायचात?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"तिथं जागच्या जागी ऐकायचं होतं," झुंबरभाऊ म्हणाले. "हितं लांबचं, कधीच्या काळचं ऐकावं लागलं."

ठमाबाई मात्र खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. सई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"कसं वाटलं, मावशी?"

"माझा पाय बरा वाजला. पण पोरगी तशीच ऱ्हायली की आत."

"हो. तोच शेवट आहे."

"का? तुमची ती बाई हाय ना मोजमापवाली. तिला कळलं, म्हाताऱ्याला कळलं. मग भित उघडाया काय झालं? कळूनबी समदे बसूनच ऱ्हायले?"

सईने समजावून पाहिलं. भयकथा अशाच संपतात, ऐकणाऱ्याच्या मनात हुरहुर राहायला हवी, उघडलं तर भीती जाते. ठमाबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या की मग भीती."

सईला वाटलं वेणीमाधव तरी आपली बाजू घेतील. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते झब्ब्याची बाही नीट करत म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत. रावसाहेबांनी स्वतः पहार घ्यायला हवी. मी पुन्हा येतो रेकॉर्डिंगला."

पुढच्याच आठवड्यात इंदिरानगरमध्ये एक जुनं घर पाडत होते. झुंबरभाऊंनी ठेकेदाराला गाठलं, मातीत बांधलेली एक भिंत हेरली आणि तासभर मागून घेतली. वीट सिमेंटमधून सुटते तेव्हा कडाकडा सुटते, मातीतून सुटते तेव्हा सुस्कारा टाकल्यासारखी येते. त्यांना दुसरी हवी होती. पहार त्यांनी धरली आणि वेणीमाधव शेजारी उभे राहून नव्वदीच्या माणसाची धाप लागल्याचा आवाज काढू लागले. तिसऱ्या विटेनंतर मास्तरांना खरीच धाप लागली. गौरांगने तीच ठेवली.

नाटक मार्चमध्ये आलं, त्या नव्या शेवटासह. शेवटचं पाऊण मिनिट कुणीच बोलत नाही, फक्त विटा निघत राहतात. ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. काहींनी लिहिलं की मूळ कथेची वाट लावली. एका बाईंनी लिहिलं की आमच्या आईने हे ऐकताना स्वयंपाकघरातला ओटा पुसायचं थांबवलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. झुंबरभाऊंनी ते पत्र रोशनीकडून तीनदा वाचून घेतलं. त्या आईने मग आत एकटीने काय केलं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

"विचारून बघ की," ते म्हणाले.

रोशनीने तिथेच बसून त्या बाईंना उत्तर लिहायला घेतलं.